नळाला हात लावला आणि झिणझिण्या आल्या



मागच्या खेपेला भातातल्या सोंड्यांविषयी लिहिले होते. या वेळी कणगीपासून उठून न्हाणीघरात जाऊ. विषय पाणी तापवण्याच्या यंत्राचा, म्हणजे गीझरचा आहे. हा काही शेतीचा विषय नाही असे कोणी म्हणेल. पण आमच्या घरी या यंत्राने एका माणसाचा जीव जवळजवळ घेतला होता. चूक यंत्राची थोडी आणि आमची जास्त होती. तुमच्या घरी ती होऊ नये म्हणून लिहिते आहे.

आमचा मावळ पावसाचा. लोणावळ्याला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक तीन-चार महिन्यांत कोसळतो. त्या दिवसांत लाकूड ओले, गोवऱ्या दमट. बंबात जाळ धरत नाही आणि धुराने डोळे चुरचुरतात. लावणी करून गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली माणसे तिन्हीसांजेला घरी येतात, तेव्हा त्यांना कढत पाणी हवे असते. घरात बाळंतीण असली तर मग विचारूच नका. म्हणून गीझर आला. आधी पवनेच्या धरणाकाठी ज्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या त्यांच्याकडे आला, मग नोकरदार पोरांच्या हट्टाने बाकीच्यांकडे. बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो, खूर बघतो. गीझर घेताना रंग बघितला आणि किंमत पाडून मागितली, झाले.

आमच्याकडे तो २०२२ च्या दिवाळीत आला. १५ लिटरचा, भिंतीवर बसवायचा. पहिले सहा-सात महिने अगदी गुणाने नांदला. पुढच्या आषाढात त्याचे बटण दाबले की मीटरजवळचा खटका पडू लागला आणि घरभर अंधार. खटका वर करावा, गीझर लावावा, पुन्हा पडावा. लावणीचे दिवस होते, कोणाला वेळ नव्हता. बाजारातून एका मिस्त्रीला बोलावले. त्याने गीझर उघडलासुद्धा नाही. "काकू, खटकाच खराब आहे, फार नाजूक असतो तो," असे म्हणून त्याने मीटरजवळच्या दोन तारा खटक्याला वळसा घालून थेट जोडल्या आणि ५०० रुपये घेऊन गेला. त्या दिवसापासून खटका पडला नाही. पाणी कढत येऊ लागले. आम्ही म्हटले, माणूस हुशार आहे.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी गेली. फाल्गुनात एकदा सुनेने सांगितले की नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. मी म्हटले, थंडीने येत असतील. फाल्गुनात कसली थंडी! पण माणूस कामाच्या गडबडीत असे काहीही बोलून जातो. चारच दिवसांनी सासूबाई आंघोळीला गेल्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. त्यांनी लोखंडी नळाची चावी धरली आणि हात सुटेना. ओरडताही आले नाही. बादली पडल्याचा आवाज झाला म्हणून सून धावली. दाराच्या फटीतून तिला दिसले, आणि ती आत शिरणार तोच माझ्या शाळकरी नातवाने मेन स्विच खाली ओढला. तो आत शिरला नाही, आजीला धरायला गेला नाही, आधी मेन बंद केला. शाळेत कोणीतरी शिकवले होते म्हणे. सासूबाई खाली कोसळल्या. मनगट मोडले, पण जीव वाचला. सून त्यांना धरायला गेली असती तर त्या दिवशी घरातून दोघी गेल्या असत्या.

आता तुम्ही विचाराल, पावसाळाभर काही झाले नाही आणि फाल्गुनातच का? हाच प्रश्न मी नंतर आलेल्या वायरमनला केला. त्याने जे सांगितले ते पुढे येईलच. आधी गीझरच्या पोटात काय असते ते बघू, म्हणजे ते समजेल.

गीझर म्हणजे एक बंद टाकी. तिच्या बुडाशी एक कॉइल असते. तिला मिस्त्री लोक एलिमेंट म्हणतात. वीज गेली की ती तापते आणि पाणी तापवते. पाणी ठरावीक गरम झाले की वीज तोडणारा एक तुकडा असतो, तो थर्मोस्टॅट. तो बिघडून वीज तोडायचा विसरला तर शेवटचा रखवालदार म्हणून आणखी एक कटआउट असतो. आणि टाकीत दाब फार वाढला तर पाणी बाहेर सोडणारी एक छोटी झडप असते, तिला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. एवढाच सारा पसारा. विहिरीवरच्या मोटारीपेक्षा सोपे यंत्र आहे.

पाणी तापत नसेल तर लगेच मिस्त्रीला फोन करू नका. आधी गीझरवरचा तांबडा दिवा बघा. बहुतेक गीझरमध्ये कॉइलला वीज मिळत असली की तो लागतो आणि पाणी तापले की विझतो. दिवा लागला आहे, अर्धा तास झाला, तरी पाणी थंडच, तर कॉइल जळाली असे समजावे. दिवा लागतच नसेल तर कॉइलपर्यंत वीज पोचत नाही. मग फ्यूज किंवा एम.सी.बी. बघा. प्लग सैल झाला आहे का, काळा पडला आहे का, जळका वास येतो का बघा. २,००० वॉटच्या गीझरला ९ अँपिअरच्या आसपास वीज लागते, म्हणून त्याला मोठा, १६ अँपिअरचा जाड प्लगच हवा. कित्येक घरांत पंख्याच्या लहान प्लगला तो जोडलेला मी बघितला आहे. तिथे प्लग वितळणार नाही तर काय होणार?

काही गीझरला बुडाशी झाकणाखाली कटआउटचे लहान बटण असते. ते दाबले की गीझर पुन्हा सुरू होतो. पण झाकण काढण्याआधी बटण नव्हे, मेन स्विच बंद करायचा. आणि एकदा दाबून चालू झालेला गीझर पुन्हा बंद पडला तर दुसऱ्यांदा ते बटण दाबू नका. थर्मोस्टॅट अडकला आहे आणि रखवालदार तुम्हाला तेच सांगतो आहे.

पाणी तापते पण फार वेळ लागतो, ही आपल्या खेड्यांतली मोठी तक्रार. इथे दोष पुष्कळदा गीझरचा नसतोच, विजेच्या दाबाचा असतो. हिशोब सोपा आहे. पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर १५ लिटर गार पाणी चांगले कढत व्हायला २० ते २२ मिनिटे लागतात. दाब १८० वर आला तर कॉइलची ताकद पावणेदोन हजारांवर येत नाही, ती थेट १,२०० वॉटच्या आसपास घसरते. त्याच पाण्याला मग ३५ मिनिटे लागतात. दाब १६० वर आला तर ताकद निम्म्याहूनही कमी होते आणि पाऊण तास जातो. आमच्या वाडीत संध्याकाळी मोटारी चालू असल्या की हेच होते. पहाटे चारला तोच गीझर झटपट तापतो. तुमच्याकडेही पहाटे लवकर आणि संध्याकाळी उशिरा तापत असेल, तर मिस्त्रीला पैसे देऊ नका. घरगुती पुरवठ्यात दाब २३० च्या ६ टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली होऊ नये असा नियम आहे. शेजारच्या चार घरांच्या सह्या घेऊन महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनने तक्रार करायची तर १९१२ हा क्रमांक आहे. मीटरपर्यंतची जबाबदारी त्यांची, मीटरच्या पुढची आपली, एवढे ध्यानात ठेवा.

विजेचा विषय निघाला म्हणून एक सांगते. वळवणच्या धरणाची पायाभरणी १९११ साली झाली आणि १९१५ साली लोणावळ्याच्या डोंगरावरचे पाणी खाली खोपोलीला नेऊन टाटांनी वीज तयार केली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी आमच्या मावळातले, पण आमच्या कित्येक वाड्यांना दिवा दिसायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली. आणि अजून संध्याकाळी दाब १६० वर येतो. असो.

गीझरमधून तडतड, खडखड आवाज येत असेल तर टाकीत क्षार किंवा गाळ साठला आहे. बोअरचे पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर चढतो. चहाच्या पातेल्याला चढतो तसाच. मग कॉइल स्वतःच जास्त तापते आणि लवकर फुटते. आमच्याकडे झऱ्याचे पाणी, त्यात क्षार कमी, पण पावसाळ्यात गढूळ येते आणि बुडाशी बोटभर गाळ बसतो. वर्षातून एकदा, गणपतीनंतर पाणी निवळले की, जाणकाराकडून टाकी धुऊन घ्यावी. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी दाखवायला सांगा. पुष्कळ गीझरमध्ये ती असते. पत्र्याऐवजी स्वतः झिजायचे हेच तिचे काम. ती झिजून संपली की टाकी गंजू लागते. नवी कांडी टाकीच्या मानाने फार स्वस्त पडते.

गळती कुठून आहे ते नीट बघा. नळीच्या जोडातून पाणी येत असेल तर वायसर बदलून काम होते. टाकीच्या अंगातूनच झिरपत असेल तर ती टाकी संपली. तिला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडले तर ते ठीक आहे, पाणी तापले की फुगते आणि फुगलेले पाणी तिथून निघते. धार लागली तर मात्र झडपेत कचरा आहे किंवा दाब जास्त आहे. पण काहीही झाले तरी ती झडप एम-सील लावून, खुंटी मारून बंद करू नका. कुकरची शिट्टी आणि झडप दोन्ही बंद करून कोणी चुलीवर ठेवील का? तसेच ते आहे.

आणि टाकी रिकामी असताना गीझर कधी लावू नका. वीज नसली की मोटार चालत नाही, वरची टाकी कोरडी पडते. वीज आली की पोर आधी गीझरचे बटण दाबते, आणि कोरड्या टाकीत कॉइल दोन मिनिटांत जळते. आधी गरम पाण्याचा नळ सोडून धार येते का बघा, मग बटण दाबा. बंबाला आपल्या आया-आज्या हेच सांगायच्या. आधी पाणी, मग जाळ. नाहीतर डाग सुटतो आणि बंब घेऊन पुण्याला तांबट आळीत जावे लागते.

आता मूळ गोष्टीकडे येते. वरचे सगळे बिघाड त्रासाचे आहेत, पण ते थांबू शकतात. दोन दिवस चुलीवर पाणी तापवले तरी कोणी मरत नाही. झिणझिण्या येणे हा बिघाड त्या जातीचा नाही. नळाला, शॉवरला, गीझरच्या अंगाला, भिंतीला, बादलीतल्या पाण्याला हात लावून जरासुद्धा मुंग्या आल्या तर त्याच क्षणी मेन बंद. पोरांना, म्हाताऱ्यांना न्हाणीत जाऊ देऊ नका. वायरमन येऊन बघेपर्यंत त्या गीझरचा प्लग काढून ठेवा. "उद्या बघू" हा शब्द इथे नको. मी तो चार दिवस म्हटला होता.

दुसऱ्या खेपेला आम्ही बाजारातला माणूस आणला नाही. लोणावळ्याच्या एका बंगल्यावर आमच्या गावचा माणूस माळीकाम करतो. त्याने एका वायरमनचे नाव दिले. पोरगा तरुण, आय.टी.आय. शिकलेला, परवाना असलेला. आल्याबरोबर त्याने पक्कड काढली नाही. सासूबाईंजवळ बसला आणि विचारले, "आज्जी, कुठे उभ्या होता? काय धरले होते?" मग मला विचारले, खटका पहिल्यांदा कधी पडला, कोणी काय केले. मीटरजवळच्या थेट जोडलेल्या तारा बघून तो थोडा वेळ गप्पच राहिला. मग म्हणाला, "मावशी, हा खटका खराब नव्हता. हा एकटाच या घरात काम करत होता. त्याची मुंडी मुरगळून टाकली."

त्या खटक्याला आर.सी.सी.बी. म्हणतात, जुने लोक ई.एल.सी.बी. म्हणतात. घरात जेवढी वीज एका तारेने आत जाते तेवढीच दुसरीने परत येते का, हे तो सतत मोजत असतो. थोडी वीज वाट चुकून जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून जाऊ लागली की तो पडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा लावतात. एवढ्या थोड्या विजेलाही तो क्षणात घर तोडून टाकतो. साधा फ्यूज किंवा एम.सी.बी. हे काम करत नाही. ते तारा जळू नयेत म्हणून असतात, माणूस वाचवायला नव्हे. आमच्या गीझरची कॉइल आषाढातच तडकली होती आणि तिच्यातून वीज पाण्यात उतरत होती. खटका पडून तेच सांगत होता. आम्ही त्याचे तोंड बंद केले आणि वर पैसेही दिले.

मग पावसाळाभर कोणाला काही का झाले नाही? घराच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे. मीठ-कोळसा घालून त्यात पाइप पुरलेला असतो आणि वाट चुकलेली वीज तारेने तिथे जाऊन जमिनीत मुरते. पावसाळ्यात जमीन ओली, त्यामुळे ती वीज मुकाट्याने मुरत होती. आमची जमीन वर मातीची आणि हातभर खाली कातळाची. फाल्गुन आला, खड्डा खडखडीत कोरडा झाला, आणि विजेची तिकडची वाट अडली. मग तिने नळाची वाट धरली. सासूबाई अनवाणी, ओल्या फरशीवर. तिला तीच वाट सोपी पडली.

त्याने कॉइल काढून माझ्या हातात दिली. वरून खाली केसासारखी तडा. नवी बसवली, जुनी इथेच ठेवतो म्हणाला. मीटरजवळचा खटका पुन्हा नीट जोडला. नवा खड्डा विहिरीच्या बाजूला, जिथे उन्हाळ्यातही ओल असते तिथे घेतला आणि दर आठवड्याला त्यात दोन घागरी पाणी ओतायला सांगितले. गीझरचे बटणही त्याने बदलले. आधीचे बटण भलत्याच तारेवर होते, म्हणजे बटण बंद केले तरी गीझरमध्ये वीज राहत होती. "गीझर बंद करून आंघोळ करा" हा सल्ला सगळे देतात, चांगला आहे, पण बटणच चुकीच्या तारेवर असेल तर त्या सल्ल्याचा उपयोग काय? म्हणून दोन्ही तारा एकदम तोडणारे, डबल पोलचे बटण लावून घ्या. आणि अर्थिंग पाण्याच्या पाइपला जोडलेले असेल तर आजच तपासून घ्या. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीत जायचा, म्हणून कसेबसे निभायचे. आता मधेच प्लॅस्टिकचा पाइप जोडलेला असतो आणि ती तार नुसती शोभेची उरते.

ज्यांच्याकडे गीझर नाही, नुसता रॉड आहे, त्यांना हे सगळे दुप्पट लागू. लोखंडी बादलीत रॉड टाकू नका. पाणी तापले का हे बोट घालून बघायचे असेल तर आधी प्लग काढा. रॉडवर आय.एस.आय.ची खूण बघून घ्या. गीझरवरही ती हवीच, तिच्या वरच्या बाजूला आय.एस. २०८२ असा आकडा असतो.

गॅसच्या गीझरबद्दल थोडे. त्यात शॉकची भीती नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. मार्च २०२३ मध्ये मुंबईत घाटकोपरला होळीचा रंग खेळून आलेले एक जोडपे न्हाणीघरात मृत सापडले. गॅस गीझरच्या विषारी वायूने गुदमरून असे झाले असावे, असा संशय तेव्हा पोलिसांनी सांगितला होता. बंद जागेत गॅस जळाला की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणसाला गुंगी येते आणि तो बसल्या जागी जातो. हा गीझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या भिंतीवर लावावा. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, काजळी धरू लागली, तर बर्नर साफ करून घ्या. टकटक आवाज येतो पण पेटत नाही, तर आधी सेल बदलून बघा. तरी पेटला नाही तर पाण्याचा जोर कमी असेल, टाकी उंच घ्यावी लागेल. आणि धुराच्या बंबाला दार बंद करून आत घेऊन बसणारे अजून आहेत. वायू तोच आहे.

आता माणूस कुठून आणायचा? मावळात हा प्रश्न सोपा नाही. कामशेत, वडगाव, तळेगाव, लोणावळा, सगळीकडे मिस्त्री आहेत, पण शनिवार-रविवारी ते बंगल्यांवर आणि हॉटेलांत अडकलेले असतात. आला तरी बंगल्याचा भाव सांगतो. घाई नसेल तर मंगळवारी-बुधवारी बोलवा. भाव माणसात येतो. बंगल्यावर राखणीला, माळीकामाला असलेल्या आपल्या गावच्या माणसांना विचारा. कोणाचे काम टिकते आणि कोण महिन्याने पुन्हा येतो हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

माणूस आला की त्याच्याकडे वायरमनचा सरकारी परवाना आहे का हे विचारायला लाजू नका. ज्याच्याकडे असतो तो रागावत नाही, खिशातून काढून दाखवतो. तो मेन बंद करून काम सुरू करतो की नाही बघा. मोजायचे यंत्र जवळ आहे की नुसता टेस्टर? टेस्टरचा दिवा लागला म्हणजे वीज आहे एवढेच कळते, अर्थिंग चांगले आहे की नाही ते कळत नाही. काय बिघडले, किती लागतील, हे आधी विचारा. जुना भाग परत मागा. पैसे दिल्यावर कागदावर लिहून घ्या, साध्या वहीच्या पानावर चालेल. आणि खटका पडतो म्हणून थेट जोडून देतो असे जो म्हणेल त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवा. मग तो नात्यातला का असेना.

गीझर हमीच्या मुदतीत असेल तर बाहेरच्या माणसाला हात लावू देऊ नका, हमी जाते. कंपनीला कळवा. पण कंपनीचा नंबर हमीच्या कार्डावरून, नाहीतर गीझरच्या अंगावरच्या चिठ्ठीवरून घ्या. मोबाईलवर शोधून सापडलेला नंबर लावू नका. तिथे भामट्यांनी कंपनीच्या नावाने आपले नंबर घालून ठेवलेले असतात. गोड बोलतात, नोंदणीचे दहा रुपये भरा म्हणतात, एक लिंक पाठवतात आणि भाताच्या पट्टीचे आलेले पैसे खात्यातून जातात. असे झालेच तर घटकाभरही न थांबता १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन होईल तितके पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पावती आणि शिक्का मारलेले हमीचे कार्ड सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा. दुकानदार, कंपनी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही तर पुण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. ग्राहकाने गप्प बसू नये हे सांगणारी ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली आपल्या पुण्यातच सुरू केली. देशात ग्राहकाचा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. आता २०१९ चा नवा कायदा लागू आहे.

आणि कोणाला शॉक लागलाच तर काय करायचे ते घरातल्या लहानथोरांना एकदा तोंडपाठ करून ठेवा. माणसाला हात लावायचा नाही. मेन बंद करायचा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा कोरड्या बांबूने त्याला तारेपासून, नळापासून ढकलायचे, आपण कोरड्यात उभे राहून. मग १०८ ला फोन. उठून बसला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्यायचेच. सासूबाईंना आम्ही तळेगावला नेले तेव्हा मनगटाच्या आधी डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला.

शेवटची एक गोष्ट तुम्ही आज संध्याकाळीच करून बघा. मीटरजवळच्या त्या खटक्यावर एक छोटे बटण असते, त्यावर इंग्रजी टी अक्षर असते. ते दाबले की खटका पडलाच पाहिजे. पडला नाही तर तो निकामी आहे, बदलून घ्या. आणि खटकाच सापडला नाही, तर आधी तो बसवून घ्या, गीझरचे पुढे बघू. आमच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला नातू ते बटण दाबतो. घरभर अंधार होतो. सासूबाई माजघरातून ओरडतात की मेल्या, माझी मालिका गेली. त्या स्वतः अजून बंबाच्याच पाण्याने आंघोळ करतात. म्हणून आषाढ लागायच्या आधी त्यांच्यापुरती वाळकी लाकडे मी पडवीत रचून ठेवते.